लाल दवेचा अख्खा डबा

बळीराम ठाकरे सॅनिटरी इन्स्पेक्टर होणार, याबद्दल दिग्रसमध्ये एकाच माणसाला शंका नव्हती. तो म्हणजे खुद्द बळीराम! साल एकोणसाठ. सहा महिन्यांची उमेदवारी संपत आलेली. आता आरोग्य खात्याच्या साहेबांनी त्याचं एक काम डोळ्यांनी पाहायचं, की नोकरी पक्की.

काम होतं नेमसिंग नायकाच्या बंजारा तांड्यावर. पटकीची साथ होती, विहिरीत जंतू मारणारी लाल दवा टाकायची. चिमूटभर दवेनं पाणी फिकट गुलाबी होतं. पण साहेबांना ते दिसलंच नाही तर? बळीरामनं अख्खा डबा ओतला! तांडा बाजाराला गेलेला, विचारणार कोणाला? आणि सरकारी कामात विचारायचं कशाला? पठ्ठ्या लिंबाखाली आडवा झाला.

जाग आली ती बाजारातून परतून विहिरीचं लालभडक पाणी पाहिलेल्या बायकांच्या आरडाओरड्यानं. भांडण त्यांच्या गोरबोलीत सुरू झालं होतं आणि बळीरामला कळावं म्हणून की काय, वऱ्हाडीत शिरलं.

"मानीबाई, तुह्याच नव्या घागऱ्याचा रंग हाये हा! हिरीवर धुतला नं तू?"

"माह्या घागऱ्याचा रंग पक्का हाये! सुखीबाईचा पाह्य!"

नायकानं निवाडा केला, "सगळे घागरे बादलीत बुडवून पाहा." बुडवले. अहो, सगळ्यांचेच रंग निघाले! नायक गरजला, "ज्यानं पाणी नासवलं, तो एकटा हीर उपसन!"

बळीरामनं तोंड उघडलं, विहिरीत डोकावून पाहिलं आणि तोंड मिटलं. आपल्यापायी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायला निघाल्यात, याची त्याला फार लाज वाटली. पण उपसण्याइतकी नाही.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. साहेबांनी विहीर पाहिली, बादल्या पाहिल्या, ओले घागरे पाहिले आणि ते भडकले.

"बळीराम! दवा कुठं आहे? हा तर कापडाचा रंग! तुमची नोकरी..."

"नाही साहेब!" बळीराम जिवाच्या आकांतानं ओरडला. "दवाच हाये! म्याच टाकली! अख्खा डबा टाकला, एकट्यानं!"

नायकानं बादलीचा दोर त्याच्या हातात दिला.

"अख्खा डबा?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "नायक, तुमचं बरोबर आहे. उपसू दे. उपसून झाली की नोकरीचा कागद घेऊन येतो."

उन्हाळा म्हणून पाणी कमरेइतकंच होतं, पण बळीरामला ते समुद्राएवढं वाटलं. दवेच्या पाण्यानं त्याचे हात कोपरापर्यंत लाल-जांभळे झाले. दोन दिवस बायका काठावर बसून हसत होत्या.

"दम खा जी इन्स्पेक्टर," सुखीबाई म्हणाली, "नाहीतर घामानं हीर पुन्हा भरन!"

तिसऱ्या दिवशी साहेब कागद घेऊन आले. नोकरी पक्की! बळीरामचे डोळे भरून आले. फक्त सही करायची होती; पण हातांना असे फोड आले होते की टाक धरवेना. शेवटी मॅट्रिक पास सॅनिटरी इन्स्पेक्टरनं सरकारी कागदावर अंगठा उठवला.

शाईसुद्धा लावावी लागली नाही!