नियम बदलल्यास लेखी कळवावे

मेंदूचा कारभार कसा चालतो, हे मला कुणी शिकवू नये. बेत आखणं, उतावळेपणा आवरणं, परिस्थिती बदलली की आपणही बदलणं, हे सगळं मी प्रयोगशाळेत रोज मोजतो आणि घरी बायकोला ऐकवतो. ती शांतपणे ऐकते आणि माझा विसरलेला डबा प्रयोगशाळेत आणून देते.

गेल्या आठवड्यात मात्र माझी गाळण उडाली. साठीपुढच्या तीस जणांच्या चाचण्या आणि कागद दुसऱ्या दिवशी संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीपुढे ठेवायचे होते. नाहीतर अभ्यास बंद, आणि त्याबरोबर माझी नोकरीही. नेमकं तिसाव्या आजोबांनी सकाळी कळवलं, दाढ दुखतेय, येत नाही. मग आमच्याकडे राहायला आलेल्या सासऱ्यांनाच मी उचलून आणलं. चाळीस वर्षं सरकारी दप्तरात काढलेला माणूस.

चाचणी सोपी आहे. पडद्यावरची कार्डं रंगाने लावायची की आकाराने, हे सांगायचं नाही. यंत्र फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतं. मधेच नियम गुपचूप बदलतो, तो आपला आपण ओळखायचा.

सासऱ्यांनी दहा कार्डं रंगाने बिनचूक लावली. अकराव्याला यंत्र म्हणालं, "चूक."

"चूक कशी? आत्तापर्यंत हेच चालत होतं."

"बाबा, मला सांगता येत नाही."

"नियम बदललाय का?"

"तेही सांगता येत नाही."

"कुणाच्या सहीने बदलला?"

मी पडद्यावरच्या पुढच्या कार्डाकडे बोट दाखवलं.

"लेखी येईपर्यंत जुनाच लागू," म्हणत त्यांनी उरलेली चोपन्न कार्डंही रंगानेच लावली. यंत्र दमलं, हे दमले नाहीत. निकाल आला: बदलाशी जुळवून घेण्याची क्षमता अत्यंत कमी.

हे बायकोला कसं सांगायचं, या विचारात असताना आठवलं, संमतीपत्रावर सही घ्यायचीच राहिली. मी कागद पुढे केला. तो वाचणारे तीस जणांत हे पहिलेच.

"जावईबापू, 'माझ्या पाल्याने भाग घेण्यास माझी हरकत नाही.' माझा पाल्य कोण?"

मी कागद ओढून घेऊन वाचला. शाळकरी मुलांच्या जुन्या अभ्यासाचा कागद मी तसाच छापला होता! एकोणतीस आजी-आजोबा त्यावर डोळे मिटून सह्या करून गेले होते.

मी धावत जाऊन प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज सगळ्यांच्या नव्या सह्या आणा, चूक कबूल केल्याची चिठ्ठी जोडा. समिती ऐकेल."

मी बसकण मारली. सासरे उठले. "यादी द्या. फोन कुठाय?"

कोण दुपारी झोपतं, कोण फिरायला जातं, सगळं विचारून त्यांनी घरांचा क्रम लावला आणि मला गाडी चालवायला बसवलं. वाटेत एक आजी लेकीकडे गेल्याचं कळलं, तर क्षणात सगळा क्रम फिरवला.

"बाबा, हा बदल लेखी कुठाय?"

"हा मी स्वतः केलाय."

संध्याकाळी तीसच्या तीस सह्या हातात होत्या. दुसऱ्या दिवशी समितीने अभ्यास मान्य केला, मॅडमनी पाठ थोपटली. मी तरंगतच घरी आलो, नेहमीच्या खुर्चीत बसलो आणि चहाचा कप उचलला.

"चूक," पेपरामागून सासरे म्हणाले.

मी खुर्ची बदलली.

"चूक."

कप बदलला.

"चूक."

"बाबा, नियम तरी सांगा."

"सांगता येत नाही."

बायको ओट्यापाशी पोट धरून हसत होती. या गोष्टीला चार दिवस झाले. सध्या मी दारात उभ्याने, डाव्या हाताने चहा पितो. कालपर्यंत ते 'बरोबर' होतं.