काटा दोनवर येईना

त्या दिवशी सकाळचा चहा पोटात उतरायच्या आतच लू सुटली होती. आभाळ पांढरंफटक पडलेलं, वारा तापल्या तव्यावरून उठून आल्यासारखा, आणि खंडेराव गेटाजवळच्या त्या गल्लीतली कुत्री नळाखालच्या ओल्या जागेवरून आपसात भांडत होती. ई-रिक्षावाले आपापल्या सीटवर पाय वर घेऊन आडवे झालेले. हाक मारली तर एक डोळा उघडायचे, बघायचे आणि परत मिटून घ्यायचे. चैत्रातली झाशी, दुसरं काय होणार.

अशा दिवशी शहाण्या माणसानं कूलरपुढं बसून राहावं. पण अनंतरावांच्या घरी पन्ह्याचं तपेलं भरून तयार होतं, आणि ते लक्ष्मी तालावर, म्हणजे तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात पोचवायचं होतं. झाशीतल्या मराठी बायकांचं चैत्रातलं हळदीकुंकू. घरं आता थोडीच उरलीत, पण हळदीकुंकू चुकत नाही. डाळ कोणाची, खिरापत कोणाची, सगळं ठरलेलं असतं. पन्हं अनंतरावांच्या कमळाबाईंचं.

"रिक्षा कोणी यायला तयार नाही हो," कमळाबाई म्हणाल्या. "आता काय करायचं?"

"मी आहे ना," अनंतराव म्हणाले. "गाडी काढतो."

झालं. एवढ्याशा वाक्यानं माणसाचं काय वाकडं होणार असं कोणालाही वाटेल. अनंतरावांनाही वाटलं.

अनंतरावांचं शिक्षण बेताचंच, पण गाडी त्यांना येत होती. देवस्थानाची एक डिझेलची जीप होती, ती त्यांनी उभा जन्म चालवली. गरौठ्याला वऱ्हाड न्यायचं असो, कोणाची सून अडलेली असो, गल्लीत एकच हाक यायची, "अनंतराव जी, गाड़ी निकालिए." की हे धोतर सावरून निघाले. जीप भंगारात गेली आणि ती हाक बंद झाली. मग ते ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. कोणाचा क्लच संपलाय, कोणाच्या ब्रेकला तेल हवंय, सगळं सांगायचे. (ऐकायला कोणी नसायचं, ते सोडा.)

पुढं अमोघनं, म्हणजे मुलानं, नवी टर्बो गाडी घेतली. अमोघ आणि सून अनुया दोघंही कारखान्यात इंजिनिअर, कारखान्याच्या बसनं जाणारे. गाडी दिवसभर दारात उभी. हळूहळू ती हाक परत यायला लागली, आणि अनंतरावांची पाठही जरा सरळ झाली.

अडचण एकच. हातापायांना जीपची सवय. जीपचा रिवाज असा, की गिअर लवकर लवकर वर टाकायचा, इंजिन गुरगुरत ठेवायचं आणि डिझेल वाचवायचं. गल्लीचं तोंड यायच्या आत चौथा पडलेला असायचा. जीप बिचारी ते सोसायची. या गाडीला ते मानवेना. चौथ्यात टाकली की ती हिवताप भरल्यासारखी थडथडायची. अनंतराव पाय दाबायचे, काही नाही. आणखी दाबायचे, तरी काही नाही. आणि मग तिला एकदम काय आठवायचं कोण जाणे, अशी उसळी घ्यायची की डोक्यावरची टोपी मागच्या सीटवर. अशाच एका उसळीत ती उसाच्या रसवाल्याच्या ठेल्याला जाऊन भेटली. ठेला वाचला. गाडीचा दिवा गेला.

अमोघनं त्या संध्याकाळी वडिलांना गाडीत बसवलं. त्याचं मराठी असं, की अर्ध्या वाटेत हिंदीवर चढतं.

"बाबा, ही जीप नाही. काटा खाली असला की टर्बो सोया रहता है. तुम्ही त्याला झोपेतच चौथा गिअर देता. मग तो काय करणार?"

"मग उठवायचा कसा?"

"उठवायचा नाही, थांबायचं. काटा दोनवर येऊ द्या. म्हणजे इंजिनाचे दो हज़ार चक्कर. जरा पुढे सरकला की दुसरा टाका. परत दोनच्या पुढे गेला की तिसरा. गल्लीत चौथा विसरून जा. आणि गाडी हळू झाली, चढ आला, की पहिले खालचा गिअर, मग पाय."

"आवाज फार होतो रे तेवढ्यात."

"होऊ द्या ना." मग थांबून तो म्हणाला, "अजून एकदा काही झालं, तर किल्ली मी ठेवून घेणार, बाबा. गुस्सा करून नाही सांगत."

रागावून सांगितलं असतं तर परवडलं असतं. रागावलेल्या माणसाचं मन उद्या बदलतं. हा इतक्या मायेनं बोलला, की हा बदलणार नाही हे अनंतरावांना कळून चुकलं.

आता काट्याचं असं होतं, की लांबचा चष्मा लावला तर रस्ता दिसायचा आणि काट्याच्या जागी नुसती धुरकट मिशी. जवळचा लावला तर काटा लख्ख, पण रस्ता नाहीसा. (दोन्ही एकावर एक लावूनही पाहिले. तेव्हा समोर एक म्हैस दिसली, ती तिथं नव्हतीच.) म्हणून त्या दिवशी त्यांनी कमळाबाईंना पुढं बसवलं, तपेलं त्यांच्या पायांत ठेवलं, वर फडकं बांधलं आणि सांगितलं, "तू फक्त काटा बघायचा. दोनवर आला की सांगायचं. बाकी काही बोलायचं नाही."

"बरं," कमळाबाई म्हणाल्या आणि जवळचा चष्मा लावून वाकल्या.

समोरचे सुभाषचंद्र जी, रेल्वेतून रिटायर झालेले, दारात उभे होते. "इस लू में, अनंतराव जी?"

"बस, लक्ष्मी ताल तक," अनंतराव म्हणाले. हे म्हणताना त्यांना फार बरं वाटलं.

गाडी सुरू झाली. पहिला पडला.

"काटा कुठं आहे?"

"एक रेघ आहे. तिच्या वर बारीक एक लिहिलंय, खाली दोन. काटा त्या दोनच्या जरा अलीकडं आहे."

निघतानाच दोनच्या जवळ. टर्बो आज आधीच जागा झालेला दिसतो, असं मनात म्हणत अनंतरावांनी पाय दाबला. गल्ली संपली, गेट मागं पडलं, गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

"आला का?"

"नाही."

आणखी दाबला. गाडीनं सूर लावला.

"आता?"

"जागचा हलला नाही हो."

आता गाडी अशी किंचाळायला लागली, की पुढचे ई-रिक्षावाले मागं न बघताच बाजूला झाले. कोणीतरी दवाखान्याची गाडी समजून हात जोडले. एक मोटरसायकलवाला शेजारी आला आणि खिडकीशी ओरडून म्हणाला, "दद्दा, गियर बदल लो."

"रुको भैया," अनंतराव म्हणाले, "अभी काँटा नहीं आया."

तो पुढं निघून गेला, पण त्यानं दोनदा वळून बघितलं.

अनंतरावांच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. एवढी दाबली तरी काटा हलत नाही, याचा अर्थ एकच. त्या ठेल्याला गाडी भेटली तेव्हा दिवा नुसता वरचा गेला. आतून टर्बो गेला. आपण मारला. पोराला ठाऊक नाही, तो रोज प्रेमानं गाडी पुसतो. आता कळणार, आणि किल्ली जाणार, आणि आपण परत ओट्यावर, दुसऱ्यांचे क्लच ऐकत.

"अहो," कमळाबाई म्हणाल्या, "तुम्ही दाबताय तसा तो उलटा खालीच येतोय."

"खाली?"

"केसभर. पण खालीच."

अनंतरावांनी मग होता नव्हता तेवढा पाय दाबला. माणूस बुडायला लागला की जसे हातपाय मारतो, तसा. गाडीतून जळका वास आला, बॉनेटखालून कुणी डबे बडवावेत असा आवाज आला, आणि शेवटी त्यांनी हताश होऊन ती कडुनिंबाखाली थांबवली. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"संपलं, कमळे. टर्बो मेला."

कमळाबाईंनी चष्मा पुसला. "मोठ्या गोलातला काटा मात्र मघापासून लाल रेघेशी नाचतोय. तो कशाचा आहे, ते विचारणार होते मी."

अनंतरावांनी डोकं वर केलं. "विचारलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, बाकी काही बोलायचं नाही."

त्यांनी जवळचा चष्मा लावला. कमळाबाईंचं बोट अजून कोपऱ्यातल्या लहान गोलावर होतं. एक, रेघ, दोन. अर्धी टाकी. शेजारी पेट्रोल पंपाचं चित्र.

"हा पंप दिसला नाही तुला?"

"दिसला की. मला वाटलं, गाडीला पाणी पाजायची जागा दाखवलीय."

अनंतरावांना रागवायचं होतं, पण टर्बो जिवंत आहे हे कळल्यावर राग येईना. त्यांनी गाडीला घटकाभर थंड होऊ दिलं, मोठ्या काट्यावर कमळाबाईंचं बोट ठेवून दिलं आणि परत निघाले.

"दोन," कमळाबाई म्हणाल्या. "जरा पुढं."

दुसरा पडला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी सरकली.

"दोन. जरा पुढं."

तिसरा. ना थडथड, ना उसळी. अनंतरावांना आयुष्यात प्रथमच कळलं की ही गाडी काय आहे. खिडकीतली लूसुद्धा गार वाटली. देवळाचं शिखर दिसायला लागलं, पायऱ्यांवर बायका पदर डोक्यावर घेऊन वाट बघत होत्या, आणि इतक्यात रस्त्याच्या मधोमध एक गाय येऊन उभी राहिली.

अनंतरावांनी ब्रेक लावला. गाडी हळू झाली, गाय सावकाश बाजूला झाली, आणि पुढं तो चिमूटभर चढ. आता दुसऱ्यात टाकायची हे त्यांच्या डोक्याला ठाऊक होतं. पायाला नव्हतं. पाय अजून जीपमध्येच होता. त्यानं तिसऱ्यातच दाबलं.

"दीड," कमळाबाई म्हणाल्या. "एक."

गाडी थडथडली. आणखी दाबलं. काही नाही. आणखी.

"दीड. अहो, दोन."

आणि टर्बो जागा झाला. गाडीनं उसळी घेतली, अनंतरावांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, आणि गाडी देवळाच्या पहिल्या पायरीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. गाडीला ओरखडासुद्धा नाही. तपेलं मात्र उभं राहिलं नाही. पन्हं काचेवर गेलं, सीटच्या फटीत गेलं, कमळाबाईंच्या नव्या साडीवर गेलं, आणि उरलेलं सगळं गिअरच्या दांडीवरून सावकाश, गुळाच्या पाकाच्या संथपणानं, आत उतरलं. वेलदोड्याचा वास मात्र छान सुटला होता.

बायका जवळ आल्या. तपेल्याच्या तळाशी जे उरलं होतं, ते त्या वर्षी तीर्थासारखं पळीनं वाटलं.

गाडी तिसऱ्यातच रखडत घरी आणून अनंतरावांनी बादलीवर बादली पाणी घेऊन गाडी धुतली. पण गूळ दांडीच्या मुळाशी बसला तो बसलाच. संध्याकाळी अमोघ आला तेव्हा मुंग्यांची रांग दारातून ओळीनं गाडीत चालली होती. त्यानं दांडी हलवून बघितली. ती तिसऱ्यात घट्ट होती.

"बाबा, गाडीत मुंग्या का आहेत?"

अनंतराव चढाचं सांगणार होते, गायीचं सांगणार होते. पण पोराचा चेहरा बघून त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. अमोघनं ती घेतली. "चाय घेता का, बाबा?" एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी, गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा, सगळे बाहेर निघाले. अनुया चालवायला बसली, कमळाबाई तिच्याशेजारी. अनंतराव मागं, अमोघच्या बाजूला, गुडघे पोटाशी घेऊन. अनुयानं एकदाही काट्याकडं बघितलं नाही. इंजिनाचा आवाज जरा भरला की तिचा हात आपोआप हलायचा. पहिला, दुसरा, आणि गाडी मांजरासारखी निघाली. अनंतरावांचा डावा हात जुन्या सवयीनं पुढं गेला, हवेत चाचपडला आणि मुकाट्यानं मांडीवर परत आला. आता गल्लीत हाक येईल ती सुनेच्या नावानं, हे त्यांना त्या क्षणी पुरतं कळलं.

गल्लीच्या तोंडाशी सुभाषचंद्र जी कडुनिंबाच्या सावलीत खाट टाकून आडवे होते. गाडी बघून ते उठले आणि मागच्या खिडकीशी आले. अनंतरावांनी काच खाली केली. निदान हा माणूस तरी दोन शब्द बोलेल, आपल्याशिवाय गल्ली सुनी झाली म्हणेल, असं त्यांना वाटलं.

सुभाषचंद्र जींनी खिडकीवर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "अनंतराव जी, बुरा मत मानिएगा, आज पहली दफ़ा आपकी गाड़ी निकली और हमें खाट उठाकर भीतर नहीं भागना पड़ा."