आर्ली डेलसाठी ऐंशी पाव

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता आर्लिस टोलेफ्सरूड टोस्टला लोणी लावत बसल्या होत्या, तेव्हा आपण वारलो असल्याचं त्यांना रेडिओवरून कळलं.

एल्विकच्या रेडिओ केंद्रावर लेलँड ब्रेक्के रोज सकाळी 'संगीतात आजचा दिवस' सांगायचा. "आजच्याच दिवशी, नऊ मार्च एकोणीसशे सहासष्टला," तो म्हणाला, "आपल्या एल्विकची लेक आर्ली डेल हिची तबकडी देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अडतिसाव्या क्रमांकावर पोचली होती. दुर्दैवानं आर्ली आज आपल्यात नाही. ईश्वर तिच्या आत्म्याला शांती देवो." आणि त्याच दमात त्यानं सांगितलं की दुपारनंतर सहा इंच बर्फ पडेल.

आर्ली डेल म्हणजे आर्लिसबाईच. बाविसाव्या वर्षी डुलुथ शहरात जाऊन त्यांनी ते नाव घेतलं, केस लाल केले आणि आठवडाभर त्या अडतिसाव्या होत्या. दुसरी तबकडी कुणी विकत घेतली नाही. पाच वर्षांनी त्या मूळ रंगाच्या केसांनी परतल्या, मायलो टोलेफ्सरूडशी लग्न केलं आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या. बाईंना वाईट वाटेल म्हणून गावानं सभ्यपणानं तो विषय काढला नाही. पन्नास वर्षं काढला नाही. मग ज्यांना माहीत होतं ते एकेक करून दफनभूमीत गेले आणि उरलेल्यांना काढण्यासारखा काही विषय होता हेच ठाऊक नव्हतं.

मायलोला जाऊन अकरा वर्षं झाली होती. बाईंचा फोन आता महिन्यातून एकदाच वाजायचा. औषधं तयार आहेत, असं दुकानाचं यंत्र सांगायचं. बाई त्यालाही 'आभारी आहे' म्हणायच्या.

दहा वाजता त्यांनी केंद्रावर फोन लावला. "मी आर्ली डेल बोलतेय. मी जिवंत आहे."

"आजी," लेलँड दुखावल्या सुरात म्हणाला, "अशा प्रसंगी थट्टा बरी नव्हे. सकाळपासून चौदा जणांचे फोन आलेत. एकजण रडत होता."

"कोण रडत होता?" बाईंनी उत्सुकतेनं विचारलं.

"नाव नाही सांगितलं. हुंदके देत होता बिचारा."

"पण मी मेले हे तुला सांगितलं कोणी?"

"संगणकावर लिहिलंय, एकाहत्तर सालानंतर काही माहिती नाही. आता ऐंशीच्या घरातल्या बाईबद्दल पन्नास वर्षांत काही माहिती नाही म्हटल्यावर माणूस काय समजणार?" मग त्याचा आवाज एकदम हळवा झाला. "आजी, सहा वर्षं मी हा कार्यक्रम करतोय. आजवर एकाचाही फोन आला नव्हता. कुणी ऐकतं की नाही, तेसुद्धा कळायचं नाही."

त्याचा हा आनंद मोडणं बाईंच्या जिवावर आलं. त्यांनी फोन ठेवला, तोच तो वाजला. अंत्यविधीनंतरचं जेवण बघणाऱ्या चर्चच्या भोजनसमितीची व्हर्ना लुंडीन होती.

"आर्लिस, शनिवारी दुपारी हॅमचे ऐंशी पाव लागतील. येशील ना?"

"कोण गेलं?"

"अगं, आर्ली डेल! आपल्याच गावची, आणि अंत्यविधीला आपण कुणी गेलोच नाही. मी समितीतल्या कॅरलला विचारलं, तिला वाटलं मी गेले होते. मला वाटलं ती गेली होती. लाज वाटली मला. म्हणून आता तरी रीतसर सगळं करायचं ठरवलंय."

"व्हर्ना, ऐक ना, मी—"

"तूही गेली नव्हतीस? मग तर तुला यायलाच हवं!"

चार दिवस बाई घरात येरझाऱ्या घालत राहिल्या. खरं सांगायला हवं, हे त्यांना पटत होतं. पण आपल्यासाठी गाव जमणार होतं, आणि ते बघायला मिळालं तर हवंच होतं.

शनिवारी चर्चचं तळघर गच्च भरलं. समोर तबकडीच्या वेष्टनावरचा फोटो मोठा करून लावला होता, लाल केसांचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॉफी देताना बाईंच्या कानावर सगळं पडत होतं. लाकडाच्या वखारीचा म्हातारा मालक सांगत होता की तो तिच्याबरोबर नाचला होता. तो नाचला नव्हता. दंतवैद्याची बायको म्हणाली, "काय गोड स्वभाव!" तिचा तर जन्मच पंच्याहत्तरचा.

शेवटी बाईंना राहवेना. त्यांनी पास्टरांची बाही ओढली. "पास्टर, तो फोटो माझा आहे."

"वा, तुम्ही दिलात होय? मग जाताना आठवणीनं घेऊन जा हं," पास्टर म्हणाले आणि बोलायला उभे राहिले.

बाई आत आल्या. हातात सुरी घेऊन पावांसमोर नुसत्याच उभ्या राहिल्या. आपलं सगळं गाव आपल्यासाठी जमलंय आणि त्यातल्या एकालाही आपण नको आहोत, असं काहीतरी त्यांना वाटत होतं.

इतक्यात मागचं दार उघडलं. काठी टेकत, टोपीवरचा बर्फ झटकत एक उंच म्हातारा आत आला. "पुढे जागा नाही म्हणाले. इथे बसलो तर चालेल का? मी डुलुथहून आलोय. तिच्या वाद्यवृंदात ड्रम वाजवायचो."

"हिल्मर?" बाई म्हणाल्या.

हिल्मरनं त्यांच्याकडे बघितलं. मग काठी भिंतीला लावली. "तू मेलीयेस."

"तूच रडलास ना रेडिओवाल्याकडे?"

"सर्दी झाली होती मला." त्यानं डोळे पुसले आणि पुढच्याच क्षणी त्याचा आवाज चढला. "दुसरं कडवं तू घाईघाईनं पळवलंस, आर्ली! म्हणून अडतिसाव्यावर अडकलो आपण. त्याच दिवशी सांगत होतो तुला!"

"मी पळवलं? तूच रेंगाळलास! मी पुढच्या ओळीवर गेले तरी तुझा ड्रम मागच्या ओळीत!"

"गाण्याला श्वास घ्यायला जागा नको?"

"श्वास? झोप लागली होती त्याला!"

खिडकीतून व्हर्नानं डोकं आत घातलं. "शूऽऽ! काही लाज आहे का? एक माणूस गेलंय, एक मिनिट शांतता पाळतायत सगळे!"

दोघांनीही मुकाट्यानं माना खाली घातल्या. बाहेर एक खुर्चीही वाजत नव्हती.

"जाऊन सांगूया त्यांना," हिल्मर कुजबुजला.

"राहू दे. पाव संपू देत आधी."

 हिल्मरची बोटं पावांच्या तबकाच्या कडेवर हलकेच ताल धरू लागली, त्याच दुसऱ्या कडव्याचा. फारच सावकाश. बाईंनी रागानं त्याच्याकडे पाहिलं. मग टेबलाखाली त्यांचा पाय हलू लागला, त्याच्याच संथ लयीत.