रुसलेलं पाणी

डिंगोऱ्याचे किसनभाऊ कुणाच्याही घरी गेले की खुर्ची बघत नाहीत. आधी तळहातावर आडवा नारळ ठेवून अंगणभर फिरतात. नारळ उभा राहिला की त्या जागी खाली पाणी. माझ्या अंगणात तो नेमका तुळशीपाशी उभा राहिला. "बाई, तुळस हलवा," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही नारळ हलवा, चहा गार होतोय."

पाणाड्या म्हणून त्यांना मोठा मान. पिंपळवंडीपासून निमगाव सावापर्यंत लोक त्यांना गाडी पाठवून नेतात. बोअरला पाणी लागलं तर ती किसनभाऊंची करामत. नुसता फुफाटा उडाला तर, "पाणी हाय वो, पण रुसलंय!"

स्वतःच्या रानात त्यांनी तीन बोअर मारले. तिन्ही वेळा पाणी रुसलं. त्यांची बायको हौसाक्का लग्न झाल्यापासून ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून हंडे वाहते. "तुला आपल्या रानात पाणी दाखवीन," असा शब्द त्यांनी तिला हळदीच्या अंगानं दिला होता. आता ती त्याबद्दल काही बोलत नाही. तिचे गुडघे बोलतात.

आमचा बचत गट नवीन नवीन निघाला तेव्हा मी गटातल्या बायकांची सहल अर्नाळ्याच्या बेटावर काढली. फक्त बायकांची, त्यात हौसाक्काही. तरी पहाटे किसनभाऊ गाडीच्या पुढच्या सीटवर हजर, मांडीवर नारळ.

"बायामाणसांस्नी पाणी कोण दाखवणार?"

"समुद्र दिसतो, किसनभाऊ."

"वरचं दिसतं. खालचं?"

निम्म्या बायका माळशेज घाटात ओकल्या, उरलेल्या होडीत. डोकी मोजून मोजून मी थकले होते. कोळीवाड्यात सुकत घातलेल्या बोंबलांचा असा वास, की कुणी डबा उघडेना. सगळ्याजणी वाळूत मिळेल तिथं बसल्या.

किसनभाऊ मात्र नारळ घेऊन किनाऱ्यावर फिरू लागले. जाळं सांधणाऱ्या एका कोळणीनं विचारलं, "काय शोधता, भाऊ?"

"पाणी."

तिनं मुकाट समुद्राकडे बोट केलं. बायका पोट धरधरून हसल्या. हौसाक्का हसली नाही.

एका जागी नारळ उभा राहिला. किसनभाऊ खाली बसून दोन्ही हातांनी वाळू उकरू लागले. साठीचा माणूस, धाप लागलेली, धोतर चिंब. मी उठवायला गेले. "पुरे आता. होडी सुटेल."

"थांबा बाई. तिला शबूद दिलाय."

हातभर खड्ड्यात पाणी पाझरलं. "हौसे, लागलं!" ते ओरडले.

हौसाक्का गुडघे धरत आली. बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारं हाय."

किसनभाऊंचा चेहरा उतरला. पाणी रुसलंय म्हणायचंही त्यांना सुचेना.

"म्हंजे इतकी वर्सं रुसून हितं येऊन बसलं व्हतं व्हय!" हौसाक्का म्हणाली. मग लुगडं वर खोचून ती खड्ड्याच्या कडेला टेकली आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.

होडीवाला हाका मारत होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.