सव्वा व्होल्ट आणि प्रसादाची केळी

"रविवारी पूजेले फिल्लम दिसली न्हाई, तं सोमवारपासून केळीच्या गाडीवर जायचं," असं वडिलांनी, तोतारामनानांनी बजावलं, तेव्हा जितेंद्र तडक कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. चुलतबहीण मोहिनीच्या लग्नाची फिल्म त्याने अंगावर घेतली होती, सासरची मंडळी रविवारी रावेरला येणार होती आणि कॉम्प्युटर रडतखडत चालला होता.

म्हणून त्याने प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायला घेतलं. गोम एवढीच, की व्होल्टेज नेमकं द्यावं लागतं. कमी पडलं तर यंत्र बंद पडतं, जास्त झालं तर तापतं. त्याने सव्वा व्होल्ट ठेवून चाचणी लावली आणि जेवायला गेला. परत येऊन पाहतो तर पडदा निळाशार, यंत्र बंद पडलेलं.

"सव्वा व्होल्ट?" नानांना यंत्राची दयाच आली. "आपल्या पंपाले चारशे लागता. दे ना मोकळ्या हाताने!"

जितेंद्रने किंचित वाढवलं. तासाभराने पुन्हा निळा पडदा. आणखी वाढवलं, तर अर्ध्याच तासात. दोन दिवस हेच. शुक्रवारी तो डोकं धरून बसला असता नाकात पिकल्या केळ्यांचा वास शिरला. रावेरातून केळी कच्चीच ट्रकवर चढतात, त्यामुळे हा वास घरात नवलाचाच. तो टेबलाखाली वाकला. कॉम्प्युटरच्या पेटीमागे, पंख्याला अगदी चिकटवून, गोणपाटाने झाकलेली टोपली होती.

"माय! हे काय हाये?"

"प्रसादाची केळी," सुगंधाबाई म्हणाल्या. "थंडीत पिकून नाही राह्यली. देवाले पावडर टाकून पिकवलेली चालत न्हाई, अन् केळीवाल्याच्या घरी विकत आणली तं गाव हसीन. तुह्या पेटीतून गरम हवा येते ना! काल तं जास्तच यायले लागली, म्हणून आणखी एक फणी ठेवली."

जितेंद्रने कपाळाला हात लावला. टोपली काढली, पुन्हा सव्वा व्होल्ट ठेवलं आणि शनिवारी सकाळी फिल्म एका दमात तयार झाली. त्याला नाचावंसं वाटलं.

"अर्धी हिरवीच राह्यली रे," टोपली उघडून माय म्हणाली. ती रागावली असती तर बरं, पण तिचा चेहराच उतरला. जितेंद्रला ते बघवेना. त्याने टोपली स्वतःच मागे सरकवली, हवेपुरती वीतभर जागा सोडली, व्होल्टेज चढवलं आणि पेटी तापावी म्हणून रिकामीच चाचणी दिवसभर चालू ठेवली.

रविवारी पाहुण्यांनी आपापले चेहरे दिसेपर्यंत फिल्म पाहिली आणि मग गप्पांत रमले. प्रसादाचा केळी घातलेला शिरा मात्र दोनदा मागितला.

"केळी कुठं पिकवली, नाना?" मोहिनीचे सासरे निंबाभाऊ विचारते झाले.

"आमच्या जितूनं," नाना ताठ बसून म्हणाले. "व्होल्टेजचं काम हाये ते. सगळ्यांले जमत न्हाई."

सोमवारी जितेंद्रला कोणी गाडीवर जा म्हटलं नाही. सकाळीच शेजारच्या शेवंताबाई दोन हिरव्या फण्या घेऊन दारात उभ्या होत्या.

"जितू, बुधवारपर्यंत होतीन ना रे?"