आप्पांची तीन मिनिटं

शमुवेल आप्पांशी बोलताना घड्याळावर नजर ठेवावी लागते. तास किंवा अर्धा तास भरला, की हा माणूस वाक्य अर्धवट सोडून गप्प होतो. चांगली तीन मिनिटं. मग ते वांग्यांचा भाव करत असोत, नाहीतर चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचत असोत. एका रविवारी वाचनात मोशेचे लोक दुभंगलेल्या समुद्राच्या मधोमध पोचले आणि आप्पा थांबले. पाळकसाहेब खोकले, बायकांनी तोंडाला पदर लावले, पण इस्राएल लोक तीन मिनिटं तिथंच, दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती घेऊन ताटकळत उभे!

आप्पा वडगाव रासाईतले आमचे शेजारी. उभी हयात मालवाहू जहाजांवर रेडिओ अधिकारी म्हणून गेली. त्या काळी दर अर्ध्या तासाला सगळ्या जहाजांनी तीन मिनिटं रेडिओवर मुकं राहायचं आणि नुसतं ऐकायचं, म्हणजे कुणी संकटात असेल तर त्याची बारीकशी हाकही कानावर येते. पुढे नवी यंत्रं आली आणि ही पद्धत बंद पडली. पण ते आप्पांना सांगायची सोय नाही.

"त्यांनी बंद केली आसंल," ते म्हणतात. "मी न्हाई केली."

मला फोन केला तरी बोलणं जहाजाच्या रेडिओवरचंच. "सुनील, सुनील, सुनील. शमुवेल बोलतोय. येताना मिरच्या आण. ओव्हर." एकदा मी ऐटीत 'ओव्हर अँड आऊट' म्हणालो, तर त्यांनी माझी शाळाच घेतली. "ओव्हर म्हंजी माझं झालं, आता तू बोल, मी ऐकतोय. आऊट म्हंजी संपलं. दोन्ही एकदम कसं रं?"

भीमेत त्यांची छोटी फायबरची होडी आहे. होडीत रेडिओ सेट बसवायची जागा आहे, पट्टी ठोकलेली आहे, फक्त सेट नाही, कारण लायसन नाही. ते अर्ज करतात, नदीत समुद्रावरचा सेट कशाला म्हणून विचारणा होते, ते पुन्हा अर्ज करतात. "ऑनलाइन मिळतो की," मी एकदा सुचवलं, तर कितीतरी दिवस माझ्याशी अबोला धरला.

अशात नदीपलीकडच्या राहू गावच्या तात्यांनी नदीवर बोटिंग काढायचं ठरवलं. तात्या म्हणजे मोठे बागायतदार, त्यांच्या शब्दाला नाही म्हणायची कुणाची छाती नाही. ते स्वतः आप्पांकडे आले. मी ओट्यावरच होतो.

"आप्पा, तुम्ही आमचे कॅप्टन. हे घ्या वॉकीटॉकी."

आप्पांनी सेट हातात घेतला. अंगठा आपोआप बटणावर गेला, पण बटण दाबलं नाही. त्या बटणासाठी हा माणूस किती वर्षं झुरला होता ते मला ठाऊक होतं. दाबा हो आप्पा, मी मनात म्हणालो.

"लायसन?" आप्पांनी विचारलं.

"मौजेची बोट हाय. ह्यो काय समुद्र हाय का?"

"बुडणाऱ्याला इचारा, तात्या." त्यांनी सेट परत तात्यांच्या हातात ठेवला. "लायसन काढा, बोटीवरच्या पोरांस्नी शिकवा, मंग मी फुकट येतो. तवर न्हाई."

तात्या चिडून गेले. गावाने आप्पांना वेड्यात काढलं, आणि खरं सांगतो, मीही काढलं. संध्याकाळी होडीत बसल्यावर न राहवून विचारलं, एवढा हट्ट कशासाठी?

आप्पा पाण्याकडे बघत सांगू लागले. "एकदा दर्यात आसताना रेडिओवर एक गडी हाका मारत व्हता. बारक्या बोटीवरचा. नाव न्हाई, ठिकाण न्हाई, नुसतं 'कोई है? कोई है?' आन् त्याच चॅनेलवर कुणीतरी बिनलायसनचा बटण दाबून गाणी लावून बसलेला. मी वरडतोय, पर गाण्याखाली सगळं दबलं. गाणं थांबलं तवा तो गडी नव्हता." मग म्हणाले, "त्याला वाटलं आसंल, कुणीच न्हाई."

बोटिंगच्या उद्घाटनाला मी गेलो, आप्पाही आले. घाटावर डीजे, बोटीत वॉकीटॉकीवर पोरांचा धिंगाणा. साडेपाच झाले आणि आप्पा गर्दीतून सरळ चालत गेले, स्पीकरची वायर धरली आणि उपटली.

तात्यांची माणसं धावली. रांजणगावला कंपनीत सुपरवायझरपुढे माझा आवाज फुटत नाही, पण त्या दिवशी मी त्यांना आडवा आलो. "तीन मिनिटं थांबा! मग काय मारायचं ते मला मारा!" तात्या लालबुंद झाले होते. आप्पांच्या तोंडाकडे बघून त्यांनी काय ओळखलं कोण जाणे, पण हात वर करून माणसांना थोपवलं. बोटीतली पोरंही गप्प झाली.

पाणी काठावर आपटत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. आप्पांनी डोळे मिटले होते. मी त्यांच्या अगदी शेजारी उभा होतो, म्हणून मलाच दिसलं की त्यांचे ओठ हलताहेत. मी कान जवळ नेला.

"हाय रं बाबा," ते म्हणत होते. "हितं हाय मी. ऐकतोय. ओव्हर."

तीन मिनिटं संपली. आप्पांनी डोळे उघडले, वाकून वायर उचलली आणि निमूटपणे तात्यांच्या हातात दिली. 'आऊट' मात्र ते म्हणाले नाहीत.