ढेकणांना मुठ्यांचं आवतण

भाताच्या ढेकणांचा बंदोबस्त करण्यात आख्ख्या रेवसमध्ये माझा हात धरणारा कुणी नाही! हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

सन तीसची गोष्ट. दाण्यात दूध भरलं आणि ढेकूण आले. लोंबी शोषून दाणा पोचट करणारी जात! उपाय जुनाच. मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, ठेचून कुजवायचे आणि काठ्यांना बांधून शेतात उभे करायचे. त्या वासाला ढेकूण धावत येतात. सकाळी त्यांना चुडीने जाळायचं. झालं!

सकाळी बायको, गोदू, पेटती चूड घेऊन बांधावर हजर. काठ्या ढेकणांनी भरलेल्या.

"लावू आग?"

"थांब गो! येतात कुठून ते तरी बघू!"

"कुठनं का येईनात! भात गेलं तर वरीसभर खायाचं काय? तुमचं डोकं?"

पण मला चैन पडेल तर ना! शेजारच्या करमअलीचाचांच्या शेतात शिरलो, एक ढेकूण धरला, पानाच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका त्याच्या पाठीवर लावला आणि सोडला. संध्याकाळी बघतो तर काय, पांढऱ्या पाठीचा गडी माझ्या काठीवर! मी बांधावरच नाचलो.

चाचा धक्क्यावर मचव्यात नारळ भरत होते. तिथे धावलो.

"चाचा, तुमचे ढेकूण माझ्याकडे येतायत!"

"काय सांगतोस! सगळे?"

"सगळे!"

"अल्ला तुझं भलं करो! मग अजून मुठे लाव की. मी पाटीभर पाठवतो!"

दुसऱ्या दिवशी आख्खा गाव पाट्या घेऊन दारात. मी काठ्या वाढवल्या. प्रत्येकाच्या शेतातला एकेक ढेकूण चुन्याने रंगवला. वास असा सुटला, की आगबोटीतून उतरणारे नाक धरून विचारायचे, "कोण मेलं हो?" गोदू रोज चूड पेटवायची, मी रोज विझवायचो. "उद्या गो! खालच्या आळीतला अजून यायचाय!"

शेवटी तोही आला.

"लाव आग!" मी ओरडलो.

गोदू धावली. इतक्यात खाडीवरून घारी आल्या, मागून कावळे आले आणि बघता बघता सगळे मुठे उचलून पसार! पंगतीतली ताटं गेली, पाव्हणे राहिले! उपाशी पाव्हणे वळले माझ्या लोंब्यांकडे.

गोदूने चूड माझ्या हातात दिली. "घ्या. आता भातासकट जाळा."

कापणीला गावात भात टच्च भरलेलं, माझ्याकडे नुसता पोचट कोंडा. मला खरंच रडू आलं हो!

तेवढ्यात चाचा दारात. मागे गडी, गड्याच्या डोक्यावर भाताचं पोतं.

"शिवदास, तुझ्यामुळे आमचं वाचलं. हा तुझा वाटा."

मग एकेक घरातून भात येत गेलं. ओटी भरली! मी छाती फुगवली. "बघितलंस गो?"

"आणि हो," चाचा जाता जाता म्हणाले, "गावाचं ठरलंय. दरसाल मुठे तुझ्याच शेतात!"

तेव्हापासून असं आहे बघा. लोक म्हशी पाळतात, मी ढेकूण पाळतो.